सिदाची औषधवही

रोजनिशी संग्रहालयाच्या काचेच्या कपाटातून बाहेर काढताना कारखानीस सरांनी श्वास रोखून धरला होता. ऐंशी वर्षांचा माणूस, पण हातात ती चोपडी घेतली की तो तिशीतला व्हायचा.

"ऋजुता, हातमोजे?"

"घातलेत, बाबा."

"पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धर. खालचा कोपरा झिजलाय."

ऋजुता हसली. पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली वीस वर्षं ती जुन्या कागदांचंच काम करत होती. पण कासारवेढ्यात ती अजून कारखानीस सरांची मुलगीच होती आणि या रोजनिशीपुढे सगळेच विद्यार्थी होते.

गावातल्या कुठल्या देवाला नसेल इतका मान त्या चोपडीला होता. १८९९च्या श्रावणात गावात प्लेग शिरला. ओढ्यापलीकडच्या माळावर झोपड्यांची छावणी पडली आणि मुंबईहून डॉक्टरकी शिकून आलेले तिशीतले डॉ. भास्करराव दाबके तिच्यावर नेमले गेले. दोन महिने ते छावणीतच राहिले, रोग्यांच्या गाठींना स्वतःच्या हातानं पट्ट्या बांधल्या आणि दिवसागणिक सगळं लिहून ठेवलं. पुढे सरकारनं त्यांना पदक दिलं. रोजनिशी छापली गेली आणि तिच्यातलं एक पान सातवीच्या पुस्तकात गेलं ते कायमचंच. 'आज सिदा ड्रेसर औषधाची पेटी घेऊन पळाला. साहाय्यास कोणी नाही. औषध थोडे आहे. मी आहे.'

त्या शेवटच्या दोन शब्दांवर गाव उभं होतं. दाबके विद्यालयाच्या कमानीवर ते होते, दाबके रुग्णालयाच्या दारात होते, दरवर्षीच्या जयंतीला मुलांच्या छातीवरच्या फितीवरही असायचे. आणि सिदा, छावणीतला मलमपट्टी करणारा? तो गावाच्या बोलीत उतरला होता. कुणी काम अर्धवट टाकून सटकला की कासारवेढ्यात अजूनही म्हणत, "काय रे, सिदा झालास का?"

कारखानीस सरांनी अख्खी नोकरी दाबके विद्यालयात मराठी शिकवण्यात काढली आणि उरलेलं आयुष्य डॉक्टरांच्या चरित्रात. चारशे पानांचं ते चरित्र, त्याला मिळालेला राज्य पुरस्कार, सहा आवृत्त्या. आता छावणीला एकशे चाळीस वर्षं होत होती. स्मारक समितीला काहीतरी नवं हवं होतं, आणि लेकीकडच्या यंत्राची कल्पना सरांनीच समितीपुढे मांडली होती.

यंत्राचं नाव 'स्पर्शवाचक'. कल्पना साधी होती. माणूस कागदावर लिहितो तेव्हा त्याचा तळहात कागदाला टेकतो. घाम लागतो, त्वचेचा भुगा लागतो, शिंकेचे थेंब उडतात. कागद हे सगळं शोषून घेतो आणि धरून ठेवतो. त्यातली प्रथिनं शेकडो वर्षं टिकतात. ऋजुताची प्रयोगशाळा एक ओलसर, पारदर्शक पट्टी पानावर तासभर ठेवायची. तिथले लोक तिला नुसतं 'चिकटपट्टी' म्हणत, जरी ती कुठेच चिकटत नसे. शाईला धक्का न लावता पट्टी ती प्रथिनं ओढून घ्यायची. मग यंत्र त्यांचे तुकडे करून एकेकाचं वजन करायचं आणि वजनावरून ते कशाचे आहेत हे सांगायचं. गेल्या पाच-सहा वर्षांत यात दोन गोष्टींची भर पडली होती. एक म्हणजे, प्रत्येकाच्या त्वचेच्या प्रथिनांत बारीक फरक असतात, त्यामुळे दोन पानं एकाच हाताची की वेगवेगळ्या हे कळू लागलं होतं. दुसरं म्हणजे, आजारी शरीर घामातून वेगळी प्रथिनं सोडतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला त्या दिवशी ताप होता का, कसला होता, हेही कळत होतं. रोगाचे जंतू हाताला लागले असतील तर त्यांच्या खुणाही पानावर राहायच्या.

"म्हणजे डॉक्टरांच्या पानांवर प्लेग अजून दिसेल?" सरांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"दिसायला हवा. छावणीत दोन महिने राहिलेला माणूस. मेलेले जंतू, काळजी करू नका."

"नाही गं, काळजी कसली! लोकांना दाखवता येईल. हे बघा, मृत्यू इथपर्यंत आला होता."

तिनं अकरा पानांवर पट्ट्या ठेवल्या. मग सहज विचारलं, "तुलनेला छावणीतला दुसरा एखादा कागद आहे का?"

"नाही," सर म्हणाले. "काही उरलेलं नाही."

---

पुण्यात निकाल हाती आला तेव्हा ऋजुतानं यंत्र बिघडलं असं समजून सगळ्या पट्ट्या पुन्हा चालवल्या. निकाल तोच आला.

रोजनिशीच्या एकाही पानावर प्लेगची खूण नव्हती. हात डॉक्टरांचाच होता, त्यांच्या चष्म्याच्या घराशी आणि बायकोला लिहिलेल्या पत्रांशी तो जुळत होता. पण श्रावणातल्या पहिल्या पानापासून आश्विनातल्या शेवटच्या पानापर्यंत हा हात निरोगी, निवांत, पोटभर जेवलेल्या माणसाचा होता. शाई एकाच दौतीतली होती. आणि अकराच्या अकरा पानांच्या शिवणीत परागकण होते, कारवीचे.

कारवी घाटमाथ्यावर वाढते, आठेक वर्षांतून एकदा पावसाळ्याच्या शेवटाला निळी-जांभळी फुलते. कासारवेढ्याच्या कोरड्या माळावर ती कधीच नव्हती.

तिनं संग्रहालयाची जुनी सूची संगणकावर उघडली. क्रमांक दोनशे चौदा: 'छावणी, किरकोळ औषधनोंदी, मोडी लिपी, निरुपयोगी. १९८७.' अक्षर वळणदार होतं, ओळखीचं. सहीची गरजच नव्हती.

शनिवारी ती परत गेली. बाबांना न सांगता संग्रहालयाच्या लोखंडी कपाटातून तिनं एक फाटकी लांबट वही काढून घेतली. या वेळी पट्ट्या ठेवल्या आणि निकाल असा आला की प्रयोगशाळेतली सगळी मंडळी पडद्याभोवती जमली. प्लेग प्रत्येक पानावर होता. हात दुसऱ्याचा होता, डॉक्टरांचा नव्हे. शेवटच्या पाच पानांवर त्या हाताला स्वतःलाच ताप होता, आणि सर्वांत शेवटच्या पानावर रक्त होतं.

ऋजुताला मोडी येत नव्हती, पण आता मोडी वाचायला माणूस लागत नसे. संगणकानं वही दहा मिनिटांत देवनागरीत उतरवली. मात्रा, काढे, पट्ट्यांचे कापड, आणि नोंदींच्या मध्ये माणूस एकटा असताना लिहितो तशी वाक्यं.

'श्रावण वद्य चौथ. डॉक्टर साहेब घाटावर गेले. उद्या येतो म्हणाले.'

'श्रावण वद्य नवमी. साहेब आले नाहीत. साहाय्यास कोणी नाही. औषध थोडे आहे. मी आहे.'

मग पंचवीस-तीस पानं तीच, जी तिनं सातवीत पाठ केली होती. झोपडीत जन्मलेलं मूल, मेलेल्या नवऱ्याचा हात न सोडणारी बाई, ओढ्याला पूर आला तेव्हा पाठीवरून नेलेले म्हातारे. रोजनिशीतले सगळे प्रसंग, फक्त त्यात डॉक्टर कुठेच नव्हते. आणि शेवटी: 'भाद्रपद वद्य एकादशी. काखेत गाठ आली. झोपडी सातमधील तिघे बरे होऊन घरी गेले. ही वही साहेबांस द्यावी. लि. सिदा.'

कुणीतरी ती वही खरोखरच साहेबांना दिली होती. घाटावरच्या बंगल्यात, कारवी फुललेली असताना, साहेबांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. एक ओळ तेवढी त्यांची स्वतःची होती.

---

"तुम्ही ही वाचली होती," ऋजुता म्हणाली.

सर व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तिनं पुढे केलेले कागद त्यांनी हातात घेतले नाहीत.

"मी ती फाडली नाही," ते म्हणाले. "एवढं लक्षात ठेव. फाडू शकत होतो. जाळू शकत होतो. नोंद करून ठेवली."

"निरुपयोगी म्हणून!"

"अठ्ठावीस वर्षांचा होतो मी. नोकरी कायम व्हायची होती. रुग्णालयाच्या इमारतीला परवानगी त्याच वर्षी मिळत होती, डॉक्टरांच्या नावावर. पंचक्रोशीत दुसरा दवाखाना नव्हता. मी काय सांगणार होतो? आणि कुणी ऐकलं असतं? मोडी वाचणारा मी एकटा!"

"म्हणूनच तर सांगायचं ना."

"तू आईसारखी बोलू नकोस."

"आईला माहीत होतं?"

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली. "माणसाला उदाहरण लागतं, ऋजुता. तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, जिथं आहात तिथं उभे राहा. त्यातून किती मुलं डॉक्टर झाली, नर्स झाली. ते सगळं खोटं का?"

"उभा कोण राहिला होता पण, बाबा?"



संध्याकाळी स्मारक समितीचे अध्यक्ष अभिजित दाबके घरी आले. डॉक्टरांचे खापरपणतू, गोड बोलणारे. सरांनी त्यांना फोन केला होता हे त्यांच्या पहिल्याच वाक्यातून कळलं.

"मॅडम, तुमचं संशोधन मोलाचं आहे. छावणीच्या कागदांवर प्लेगचे अवशेष सापडले, हे जाहीर करू या की. खरंच आहे ते."

"कुठल्या कागदांवर, ते?"

"तपशील. लोकांना तपशील झेपत नाहीत. साडेचारशे खाटांचं रुग्णालय आहे हो आपलं. उद्या देणगीदार मागे सरले तर मरणार कोण? गरीबच ना?"

त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, तेच वाईट होतं. तिनं बाबांकडे पाहिलं. ते मान डोलावत होते, वर्गातल्या हुशार मुलानं बरोबर उत्तर दिल्यासारखे.

"अहवाल जसाच्या तसा जाईल," ती म्हणाली. "पण आधी मला एका ठिकाणी जायचंय."

---

रत्नमाला सोनवले रुग्णालयात मेट्रन होत्या. निवृत्तीला महिना उरला होता. सिदा त्यांच्या पणजोबांचा बाप. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि जे ठाऊक असून कुणी तोंडावर बोलत नाही तेच माणसाला रोज ऐकू येतं. तीन वर्षांपूर्वी ऋजुताची आई अंथरुणाला खिळली तेव्हा ड्यूटी संपवून चार महिने त्या रोज घरी येत होत्या. आईचं अंग पुसण्यापासून सगळं त्यांनी केलं होतं. सरांनी विनंती केली म्हणून.

बुद्धविहारामागच्या त्यांच्या घरात ऋजुतानं वहीची छापील प्रत टेबलावर ठेवली. काय झालं ते सगळं सांगितलं, यंत्र, परागकण, ताप, सही. तिला वाटलं होतं की सिस्टर रडतील. त्यांनी चष्मा लावून शेवटचं पान तेवढं वाचलं.

"त्याचा बाप पलटणीतून पेन्शनीत आला होता," त्या म्हणाल्या. "पलटणीच्या शाळेत शिकला होता सिदा. मोडी, बालबोध, दोन्ही लिप्या. त्याची बायको मरेपर्यंत सांगायची, माझा माणूस छावणीतून परत आला नाही. पळाला असता तर माझ्याकडे आला असता. माझ्या आजीनं सांगितलं, आईनं सांगितलं. मीपण सांगितलं, एकदा."

"कुणाला?"

"सातवीत. तुमच्या बाबांच्या वर्गात. सरांनी तो धडा वाचला. काय वाचायचे सर! 'सिदा पळाला' म्हटलं आणि अख्खा वर्ग माझ्याकडे वळून हसला. मी उभी राहिले, म्हटलं, सर, तो पळाला नव्हता. सर म्हणाले, सोनवले, पुरावा आहे का तुझ्याकडे? मग म्हणाले, खाली बस."

ऋजुतानं मनात वर्ष मोजलं. एकोणीसशे त्र्याण्णव.

"एकशे चाळीस वर्षं आम्ही तोंडानं सांगतोय, ताई. त्याला किंमत नव्हती. कागदाला घाम लागलेला निघाला, मग खरं झालं." रत्नमालाताईंनी चष्मा काढला. "एक विचारू? मी तुमच्या आईचं करत होते, तेव्हा सरांना हे माहीत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. ऋजुता म्हणाली, "हो."

"आणि त्या वर्गात?"

"हो. तेव्हाही."

सिस्टरनी प्रत उचलून शेजारच्या फळीवर ठेवली, इस्त्रीच्या कपड्यांवर. "छापा तुमचा अहवाल," त्या म्हणाल्या. "या आता."

---

अहवाल छापून आला. आठवडाभर गावात छायाचित्रकारांच्या गाड्या होत्या. काहींनी ऋजुताला विकली गेलेली बाई म्हटलं. काहींनी दाबके चौकातल्या पुतळ्याला काळं फासलं, आणि दुसऱ्या दिवशी ते धुतलं गेलं. मग समितीनं मार्ग काढला. संग्रहालयात नवा फलक लागला: 'डॉ. दाबके यांच्या प्रेरणेने व मार्गदर्शनाखाली त्यांचे विश्वासू साहाय्यक सिदा यांनी छावणीची धुरा सांभाळली.' एक हार डॉक्टरांना आणि एक सिदाला, असा मोठा समारंभ झाला. सिदाचं चित्र नव्हतं, म्हणून यंत्राकडून कुणाचा तरी चेहरा तयार करून घेतला. व्यासपीठावर रत्नमाला सोनवले यांच्या नावाची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. पाठ्यपुस्तक मंडळानं वाद नको म्हणून तो धडाच काढून टाकला. डॉक्टर गेले, सिदाही गेला, आणि त्या जागी पाणी वाचवण्याविषयीचा धडा आला. रुग्णालयाच्या दोन देणगीदारांनी हात आखडता घेतला. लहान मुलांचा नवा विभाग अर्ध्यावर थांबला. अभिजित दाबके ते प्रत्येक भाषणात सांगू लागले, आणि ऋजुताला ते खोडून काढता येत नव्हतं.

सरांच्या चरित्राची सातवी आवृत्ती प्रकाशकानं रद्द केली. जुने विद्यार्थी यायचे बंद झाले. सर लेकीशी कामापुरतं बोलत.

दिवाळीच्या आधी रत्नमालाताईंचा फोन आला. समारंभ नको होता, फलकही नको होता. त्यांना एकच हवं होतं. सरांनी त्यांच्या घरी यावं आणि सिदाची वही मोठ्यानं वाचून दाखवावी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मूळ मोडीतून.

"यंत्रानं वाचलेलं नको," त्या म्हणाल्या. "सरांनी वाचायचं."

ऋजुताला वाटलं होतं, बाबा नाही म्हणतील. ते उठून दाढी करायला गेले.

रविवारी सकाळी सोनवल्यांच्या बाहेरच्या खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. म्हाताऱ्या चुलत्या, मुलगे, सुना, नागपूरहून आलेली एक आत्या. सरांना भिंतीशी खुर्ची दिली होती. संग्रहालयानं मूळ वही द्यायला नकार दिला होता, म्हणून ऋजुतानं पानांची छायाचित्रं मोठी करून आणली होती.

सरांनी वाचायला सुरुवात केली. आवाज पहिल्या पानावर अडखळला, दुसऱ्यावर लागला. मग तो तोच आवाज झाला, ज्यानं तीस वर्षं वर्ग बांधून ठेवले होते. बाळंतीण आली, पूर आला, मेलेल्या नवऱ्याचा हात आला. 'डॉक्टर साहेब घाटावर गेले' हे वाक्य त्यांनी न थांबता वाचलं. कोपऱ्यातली आत्या तोंडाला पदर लावून रडत होती. रत्नमालाताई सरांच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या, एखाद्या पेशंटची नाडी मोजताना बघावं तसं. दोन तास लागले. 'लि. सिदा' म्हणून सरांनी कागद खाली ठेवले आणि घामेजलेला चेहरा रुमालानं पुसला. चांगलं वाचलं होतं त्यांनी. त्यांना ते माहीत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी वर पाहिलं, थांबले.



"झालं," रत्नमालाताई म्हणाल्या. त्यांनी कागद गोळा केले, जुळवले आणि कपाटात ठेवले. मग दार उघडून बाजूला उभ्या राहिल्या.

परतताना सर काठी टेकत हळूहळू चालत होते. त्यांनी चौक ओलांडला. मग थांबले.

"दोन तास वाचलं मी," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "या वयात. साधा चहा विचारला नाही गं त्यांनी."

ऋजुता त्यांच्याकडे बघत राहिली. या सगळ्या काळात पहिल्यांदाच तिला या माणसाचा राग आला नाही, लाजही वाटली नाही. फक्त फार दुरून त्याच्याकडे बघत असल्यासारखं झालं.

"आई आजारी होती तेव्हा सिस्टर चार महिने आपल्याकडे यायच्या, बाबा," ती म्हणाली. "स्वतःचा थर्मास आणायच्या, स्वतःचा कप. आपल्या घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी. मी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, पहिल्या दिवशी सरांनी माझा कप वेगळा ठेवायला सांगितला, मग मी माझाच आणते."

"मी?" सर म्हणाले. "मी असं सांगितलं होतं?"

ते आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.